मेंदीची रात्र आणि अब्बांच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश



या मे महिन्यात माझ्या पुतणीचा निकाह झाला. आमच्या मुरुडकडे लग्नं मे महिन्यातच होतात, कारण कुवेत, दुबई, दोह्याची माणसं त्याच सुट्टीत घरी येतात. तारीख ठरली तेव्हा पुतणीने एकच अट घातली. मेंदीच्या रात्री बायकांच्या खोलीत एकही मोबाइल येणार नाही. दारात टोपली ठेवायची, प्रत्येकीने आपला फोन त्यात टाकायचा आणि मग आत यायचं.

अट तिने हौसेने घातली नव्हती. गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात बायकांच्या खोलीतले फोटो अर्ध्या तासात चार ग्रुपवर फिरले. डोक्यावरची ओढणी सरकलेली, जेवताना तोंड उघडं, अशा अवस्थेतल्या बायकांना परक्या माणसांनी पाहिलं. कोणी पाठवले ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर घरात महिनाभर अबोला होता.

“मग फोटोच नकोत का?” मी विचारलं.

“हवेत ना फुफी,” ती म्हणाली. “पण कागदावरचे. दादांचा कॅमेरा आहे ना तुझ्याकडे? तू काढ.”

दादा म्हणजे माझे अब्बा. त्यांनी १९७९ साली कुवेतहून याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आणला होता. कॅमेरा माझ्या कपाटात होता आणि चालूही होता. नव्हता तो फ्लॅश. अब्बांच्या वेळचा फ्लॅश कोणीतरी सेल आत ठेवूनच पेटीत टाकला होता. सेल पाझरले आणि आतल्या पट्ट्या हिरव्या होऊन खाऊन गेल्या. मेंदी रात्री, खोली जुनी, दोन ट्यूबलाइट. फ्लॅशशिवाय काही जमणार नव्हतं.

तो फ्लॅश शोधताना जे शिकले ते आज लिहिते आहे, कारण आपल्या बऱ्याच घरांत आखातातून आलेला असा एखादा कॅमेरा अजून कपाटात पडून असेल.

एक वाया गेलेला रोल

आधी माझी चूक सांगते. १९९७ साली माझ्या मोठ्या बहिणीच्या मेंदीला हाच कॅमेरा माझ्या हातात होता. मी सतरा वर्षांची होते. छत्तीस फोटो काढले, फ्लॅश प्रत्येक वेळी लखकन चमकला. रोल धुऊन आला तेव्हा एकही फोटो धड नव्हता. चेहरे पांढरेफटक, त्यांना दुहेरी कडा आणि वरून दिव्यांच्या लांब पिवळ्या रेघा.

कारण मला फार नंतर कळलं. या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती एक कडं आहे. त्यावर ‘ऑटो’, विजेची खूण आणि ‘बी’ अशा तीन जागा आहेत. ऑटोवर कॅमेरा स्वतः उजेड मोजतो आणि अंधारात शटर कितीतरी सेकंद उघडं ठेवतो. फ्लॅश क्षणात विझतो, पण उघड्या शटरमधून खोलीतले दिवे आणि हलणारी माणसं फिल्मवर उमटत राहतात. फ्लॅश लावल्यावर कडं विजेच्या खुणेवर आणायचं असतं. मग शटर सेकंदाच्या तिसाव्या भागातच बंद होतं. मी ते आणलं नव्हतं.

त्या रोलमध्ये माझी दादी होती, डफ वाजवताना. पुढच्या थंडीत ती गेली. तिचा हसतानाचा एकही फोटो आमच्या घरात नाही. म्हणून या वेळी मी आधी अभ्यास केला आणि मग पैसे खर्च केले.

कॅमेरा आधी नीट पाहा

फ्लॅश घेण्याआधी आपला कॅमेरा काय मागतो ते पाहायला हवं. तीन गोष्टी तपासा.

पहिली, फ्लॅश बसवायची वरची खाच. खाचेच्या मध्यभागी धातूचा गोल ठिपका असेल तर ती ‘हॉट शू’. फ्लॅश सरकवला की जोडणी झाली. ठिपका नसेल तर ती खाच फ्लॅशला नुसता आधार देते. मग फ्लॅशपासून कॅमेऱ्याच्या अंगावरच्या छोट्या गोल भोकापर्यंत वायर लागते. तिला पीसी कॉर्ड म्हणतात. इलेक्ट्रो ३५ ची १९६६ पासूनची आधीची मॉडेलं अशी वायरवाली आहेत. १९७३ च्या जीएसएनला हॉट शू आला. वायर लागणारा कॅमेरा असेल तर वायरची सोय असलेलाच फ्लॅश घ्या. दुकानात हा प्रश्न विचारायला आपण हमखास विसरतो.

दुसरी, शटरचा वेग. याशिका इलेक्ट्रोसारख्या कॅमेऱ्यात शटर भिंगातच असतं. ते पूर्ण उघडतं आणि मग मिटतं, त्यामुळे फ्लॅशला अडचण येत नाही. भिंग बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यात फिल्मपुढे पडदे सरकतात. वेग जास्त ठेवला तर फ्लॅश चमकतो तेव्हा पडदा अर्ध्यावरच असतो आणि अर्धा फोटो काळा येतो. म्हणून त्यांना मर्यादा आहे. झेनिट ई ला १/३०, पेंटॅक्स के १००० ला १/६०, निकॉन एफएम ला १/१२५. वेगाच्या चकतीवर हा आकडा बहुधा वेगळ्या रंगात किंवा ‘एक्स’ लिहून दाखवलेला असतो. त्याच्या वर जायचं नाही, खाली चालतं.

तिसरी, ‘एम’ आणि ‘एक्स’ची कळ. याशिकामॅट १२४जी सारख्या कॅमेऱ्यांवर ती दिसते. पूर्वी फ्लॅश म्हणजे एकदाच जळणारा काचेचा बल्ब असायचा. तो पूर्ण पेटायला किंचित वेळ लागे, म्हणून ‘एम’वर कॅमेरा आधी बल्ब पेटवून मग शटर उघडतो. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश क्षणात चमकून विझतो. कळ ‘एम’वर राहिली तर शटर उघडण्याआधीच उजेड संपलेला असतो आणि अख्खा रोल काळा येतो. कळ नेहमी ‘एक्स’वर ठेवा.

हे सगळं रोल न घालताच तपासता येतं. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा. फ्लॅश लावा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा. मागून भिंगातून पाहत बटण दाबा. लख्ख पांढरं वर्तुळ दिसलं तर जुळणी बरोबर आहे. काहीच दिसलं नाही तर काहीतरी चुकलं आहे. एसएलआर असेल तर गोलाऐवजी फिल्मची पूर्ण चौकट उजळलेली दिसायला हवी. हा प्रयोग मला १९९७ मध्ये ठाऊक असता तर मी ते कडं निदान एकदा तरी फिरवून पाहिलं असतं.

गाइड नंबर: पाचवीचा भागाकार

फ्लॅशच्या ताकदीला गाइड नंबर म्हणतात. तो बहुतेक वेळा १०० आयएसओच्या फिल्मसाठी, मीटरमध्ये दिलेला असतो. गाइड नंबरला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं. एवढंच गणित.

फ्लॅशचा नंबर २० आणि नवरी अडीच मीटरवर असेल, तर २० भागिले २.५ म्हणजे ८. ॲपर्चर एफ ८. फिल्म २०० ची असेल तर नंबर साधारण दीडपट, म्हणजे २८ धरा. मग त्याच अंतराला एफ ११ येतं. ४०० ची फिल्म असेल तर नंबर दुप्पट, म्हणजे ४०, आणि ॲपर्चर एफ १६.

आता दुकानदार म्हणतो, “मॅडम, ५८ नंबरचा घ्या, पॉवरफुल आहे.” ४०० च्या फिल्मवर ५८ चे झाले ११६. दोन मीटरवर भागाकार येतो ५८. जीएसएनचं ॲपर्चर एफ १६ च्या पुढे जात नाही. म्हणजे तो फ्लॅश पूर्ण ताकदीने आपल्या खोलीत वापरताच येणार नाही, ताकद कमी करूनच वापरावा लागेल. मोठा आकडा लग्नाच्या मांडवासाठी ठीक आहे. घरातल्या खोलीसाठी २० च्या आसपासचा फ्लॅश पुरतो. त्याची किंमत कमी, वजनही कमी, आणि जुन्या कॅमेऱ्याच्या खाचेवर ताण येत नाही.

ॲपर्चर ८ किंवा ११ मिळण्यात आणखी एक फायदा आहे. माझ्या कॅमेऱ्यातला फोकस जुळवायचा पिवळा ठिपका आता फिका झालाय. ॲपर्चर लहान असलं की फोकस थोडा चुकला तरी चेहरे स्पष्ट येतात.

नवा की जुना?

स्वस्त फ्लॅश घ्यायचे दोन रस्ते आहेत.

नवा घ्यायचा तर साधा, हाताने ताकद कमी-जास्त करता येणारा फ्लॅश पाहा. गोडॉक्स, सिम्पेक्स, डिजिटेक या नावांचे असे फ्लॅश मिळतात. ‘टीटीएल’वाला महागडा फ्लॅश घेऊ नका. ती सोय विशिष्ट डिजिटल कॅमेऱ्यांसाठी असते, आपला जुना कॅमेरा त्या भाषेत बोलतच नाही. फ्लॅशच्या पायात मध्यभागी एक टाचणी हवी, बाकीच्या टाचण्यांचे पैसे आपल्यासाठी वाया. गोडॉक्सचा टीटी ५२० टू हा ३३ नंबरचा साधा फ्लॅश आहे, तो चार पेन्सिल सेलवर चालतो. त्याच कंपनीचा लक्स ज्युनियर १२ नंबरचा, छोटा आणि जुन्या कॅमेऱ्यांवरही चालणारा आहे.

जुना घ्यायचा तर ‘ऑटो’ फ्लॅश शोधा. नॅशनल, सनपॅक, व्हिव्हिटार अशी नावं असतात. त्याच्या पुढच्या बाजूला एक बारीक डोळा असतो. समोरून परत येणारा उजेड पुरेसा झाला की हा डोळा फ्लॅश तोडतो. मागच्या चकतीवर पाहून कॅमेऱ्याचं ॲपर्चर एकदा लावलं की ठरलेल्या अंतराच्या आत प्रत्येक फोटोला भागाकार करावा लागत नाही. बायका उठत-बसत असताना, मुलं मध्येच धावत असताना ही मोठी सोय आहे. म्हणून मी हाच रस्ता धरला.

पण जुन्या फ्लॅशची एक गोष्ट नीट समजून घ्या. त्याच्या पायाच्या टाचणीवर काही वेळा दोनशे-तीनशे व्होल्ट दाब असतो. अब्बांच्या कॅमेऱ्यासारख्या यांत्रिक जोडणीला तो सहसा सोसतो. मुलाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर तोच फ्लॅश लावला तर कॅमेरा कायमचा बंद पडू शकतो. मी घेतलेला फ्लॅश आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मल्टिमीटर लावून मोजून दिला. १८० व्होल्ट भरले. भाचा त्याच्या नव्या कॅमेऱ्यावर लावून बघणारच होता. फ्लॅशवर मी लगेच चिठ्ठी चिकटवली: ‘फक्त अब्बांच्या कॅमेऱ्यासाठी.’

आणि फ्लॅश कधीही उघडू नका. सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विजेचा साठा राहतो.

दुकानात काय पाहिलं

पहिला फ्लॅश मी ओळखीतून फक्त तीनशे रुपयांना घेतला. विकणाऱ्याने माझ्यासमोर दोनदा चमकवून दाखवला. घरी आणल्यावर सहाव्या वेळी जो बंद पडला तो पडलाच. सेलच्या खान्यात आत वाकून पाहिलं तर पट्टीवर हिरवा थर. तो मी दुकानातच पाहायला हवा होता.

दुसऱ्यांदा मुंबईला गेले. अलिबागपर्यंत एसटी, मांडव्याहून लाँच, गेटवेला उतरून फोर्टातल्या बोरा बाजारात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या या गल्लीत कॅमेऱ्याच्या सामानाची दुकानं आहेत. या वेळी माझे चार सेल आणि अब्बांचा कॅमेरा दोन्ही पिशवीत होते. मी असं तपासलं:

सेलचा खाना उघडून पट्ट्यांवर हिरवा किंवा पांढरा थर नाही ना ते पाहिलं. सेल घालून चालू केल्यावर लाल दिवा किती वेळात लागतो ते घड्याळ लावून मोजलं. ताज्या सेलवर दहा-पंधरा सेकंद ठीक आहेत, मिनिटभर लागलं तर परत द्यायचा. वीस वेळा चमकवला. दुकानदार वैतागला, पण माझा पहिला फ्लॅश सहाव्या वेळी मेला होता. मग ऑटोवर ठेवून जवळच्या पांढऱ्या कागदावर आणि नंतर दूरच्या भिंतीवर चमकवला. कागदावर चमकल्यानंतर लाल दिवा लवकर परत लागला, म्हणजे पुढचा डोळा काम करतो आहे. शेवटी कॅमेऱ्यावर बसवून, मागचं झाकण उघडून, पांढरं वर्तुळ पाहिलं.

घासाघीस करून बाराशे रुपयांना मिळाला. बरीच वर्षं पडून असलेला फ्लॅश पहिल्यांदा फार सावकाश चार्ज होतो. घरी आणून तो दोन-तीन दिवस रोज काही वेळ चालू ठेवला, पाच-दहा मिनिटांनी एकेकदा चमकवला. लाल दिवा हळूहळू लवकर लागायला लागला.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेलचंही सांगून टाकते. इलेक्ट्रोला लागणारा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. त्याऐवजी फोर एलआर ४४ हा ६ व्होल्टचा सेल बसवतात. तो आकाराने लहान असतो, म्हणून त्यासोबत अडॅप्टर लागतो.

ती रात्र

फ्लॅश कॅमेऱ्यावर लावून सरळ तोंडावर मारला की चेहरा चपटा दिसतो आणि मागे काळी सावली पडते. पुस्तकांत लिहितात, फ्लॅश छताकडे वळवा, म्हणजे उजेड पसरून खाली येईल. पण आमचं छत म्हणजे काळपट वासे आणि वर कौलं. तिथे गेलेला उजेड परत येतच नाही. सिमेंटचं पांढरं, ठेंगणं छत असलेल्या घरात हा उपाय जरूर करा, ॲपर्चर मात्र दोन घरं तरी मोठं ठेवावं लागेल.

मी तीन साध्या गोष्टी केल्या. भिंतीला अम्मीची पांढरी चादर टांगली आणि बायकांना तिच्यापासून दीड हात पुढे बसवलं, म्हणजे मागे अंधार राहत नाही. फ्लॅशच्या तोंडावर पांढऱ्या सुती रुमालाचा एक पदर रबराने बांधला. ऑटोचा डोळा मात्र उघडा ठेवला. रुमालाने जरी आणि टिकल्यांची चकाकी कमी झाली.

तिसरी गोष्ट बसण्याची. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा उरतो. म्हणजे पुढच्या रांगेतली मुलगी पांढरी पडते आणि मागे बसलेली नानी अंधारात जाते. म्हणून सतरंजीवर रांगा न करता अर्धगोल केला. नवरी मध्ये, बाकीच्या दोन्ही बाजूंना, सगळ्या माझ्यापासून साधारण सारख्या अंतरावर. अडीच मीटरवरून या कॅमेऱ्यात दोन मीटर रुंदी मावते, म्हणजे मांडी घालून बसलेल्या चार-पाच जणी. जमिनीवर सुतळी पसरून अंतर मोजलं आणि माझ्या बसायच्या जागी खडूने खूण केली. बायका हसल्या. “टीचर इथे पण फळा शोधते,” एक चाची म्हणाली.

कडं विजेच्या खुणेवर आहे ना, ते मी प्रत्येक फोटोआधी बोटाने चाचपून पाहिलं. छत्तीसच्या छत्तीस वेळा.

फोनची टोपली दाराशी होती. पहिली दहा मिनिटं सगळ्यांचे हात रिकामे-रिकामे वाटत होते. मग डफ निघाला आणि टोपलीची आठवण कोणालाच राहिली नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रोलचे फोटोही पूर्ण खाजगी नसतात. लॅबमधला माणूस ते पाहतोच. मी मुंबईच्या लॅबमध्ये आधीच विचारून घेतलं, प्रिंट आणि निगेटिव्ह दोन्ही परत घेतले आणि स्कॅनच्या फाइली ठेवू नका असं लिहून दिलं. पण घरातल्या शंभर फोनपेक्षा एका अनोळखी कामगाराची नजर पुतणीला परवडली, आणि तिचं म्हणणं मला पटलं. रोल, धुलाई आणि प्रिंट मिळून खर्च हजाराच्या वर जातो, हेही हिशेबात धरा. म्हणूनच फ्लॅशवर कमी खर्च करून रोल वाया न जाऊ देण्यात शहाणपण आहे.

छत्तीसपैकी एकतीस चांगले आले. दोघींचे चष्मे चमकले, एकीने डोळे मिटले, दोन फोटो लाल दिवा लागायच्या आधीच घाईने घेतले म्हणून काळपट आले.

एकात अम्मी आहे. दादीचाच डफ तिच्या हातात आहे आणि ती मान मागे टाकून हसते आहे. त्या फोटोच्या मी दोन प्रती काढल्या. एक पुतणी सासरी घेऊन गेली. दुसरी अल्बममध्ये लावली आहे, १९९७ च्या त्या वाया गेलेल्या रोलच्या पाकिटाशेजारी.

आता फ्लॅशमधले सेल काढून ठेवले आहेत. फ्लॅश आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात आहेत. आपल्या किनाऱ्याच्या पावसाळ्यात एवढं केलंच पाहिजे. महिन्यातून एकदा सेल घालून चार वेळा चमकवायचा आणि सेल पुन्हा काढायचे, असं कॅलेंडरवर लिहिलं आहे.

तुमच्या कपाटातल्या कॅमेऱ्याबद्दल काही विचारायचं असेल तर त्याच्यावर लिहिलेलं नाव आणि वरच्या खाचेत ठिपका आहे की नाही, एवढं पत्रात जरूर कळवा. पुढच्या महिन्यात जुने अल्बम आणि निगेटिव्ह ओलीपासून कसे जपायचे ते पाहू, इन्शाअल्लाह.